बेसच्या जागी पेडल

१२ जानेवारी

ताई,

गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं ते डिस्टॉर्शनचं पेडल पाठवतोय. स्विच दाबला की कधी लागतं, कधी नुसतं बघत बसतं. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाचा नियम पाठ आहे: तक्रार फोनवर घेतली जाणार नाही, कागदावर लिहून डब्यात घालावी, मग तो सख्खा भाऊ का असेना. म्हणून लिहितोय. शिवाय फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, इथे नाइलाजाने होऊ द्यावं लागेल.

दुसरं काम असं, की मला एक ऑक्टेव्ह पेडल घ्यायचंय. गिटारचा सूर एक सप्तक खाली नेणारं. इथल्या एका दुकानात तीन बघितली. एकाला दोन बटणं, एकाला तीन, आणि तिसऱ्याला इतकी की विमान उडवायला बसलोय असं वाटलं. दुकानदाराला फरक विचारला तर तो म्हणतो, "हे सगळेच नेतात." तिन्हींबद्दल तेच म्हणाला. तेव्हा तू सांग. एका नवीन गाण्यात प्रयोग करून बघायचाय, बाकी काही नाही.

भावोजींना नमस्कार. हॉलला रंग देतायत म्हणून बँडच्या तालमी बंद आहेत, हे त्यांना मी कळवलंय. एवढा दीड तास बसचा प्रवास करून उगाच यायला नको.

तुझा,
धाकटा


१७ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या स्विचमध्ये बिघाड नव्हता, सरबत होतं. वाळून चिकट झालेलं. पेडल पायाखाली ठेवायची वस्तू आहे, पेल्याखाली नाही. पुसलंय, चालतंय, पुन्हा सांडलंस तर तसंच परत पाठवीन.

आता ऑक्टेव्हचं. लक्ष देऊन वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तू बघितलेलं दोन बटणांचं, ते बहुतेक वरच्या सप्तकाचं असणार. ते सूर खाली नेतच नाही. लाटेचा खालचा अर्धा भाग उचलून वर दुमडतं, त्यामुळे सूर वर चढतो आणि भरपूर खरखरतो. बाराव्या पट्टीच्या पुढे, उंच सुरांत छान चिरकतं. तुझ्या कामाचं नाही.

तीन बटणांचं ते जुन्या पद्धतीचं, खाली नेणारं. आत साधी मोजणी असते. येणाऱ्या लाटा मोजायच्या आणि दोन लाटांची एक करायची, की झालं सप्तक खाली. पण त्याला एका वेळी एकच तार कळते. दोन तारा एकदम छेडल्यास की कुठली मोजू ते त्याला समजत नाही आणि ते बरळायला लागतं. सूर स्वच्छ हवा, टोन थोडा कमी हवा. मात्र ते लगेच बोलतं. हात आणि आवाज यांच्यात फट जाणवत नाही.

विमानवालं डिजिटल. त्याला अख्खी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेल्या सगळ्या तारा, कळते. फक्त सगळ्यात खालच्या सुरालाच खाली ने, बाकीच्यांना हात लावू नको, असंही त्याला सांगता येतं. पण ते आधी ऐकतं, मग हिशेब करतं, मग बोलतं. तुझ्या जाड तारेची एक लाट पुरी व्हायलाच सेकंदाचा ऐंशीवा भाग लागतो, तेव्हा ती ओळखायला थांबावंच लागणार. उशीर बारीक असतो. एकट्याने वाजवताना कळत नाही, ठेक्याबरोबर वाजवताना कळू शकतो.

एकेका सुराची धून असेल तर दुसरं घे. कॉर्डही हवी आणि खाली बेसही हवा, तर तिसरं. कुठलंही घेतलंस तरी गिटारनंतर पहिलं तेच लावायचं, डिस्टॉर्शनच्या आधी. आधीच फाटलेला आवाज त्याच्या हातात दिलास तर ते काय मोजणार, कपाळ?

पण मला एक सांग, तुला खाली बेस कशाला हवाय? घरचा बेसवाला आहे की. तुझे भावोजी रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर बसून सराव करतात. तालमी कधी सुरू होणार म्हणून तीनदा विचारून झालं. तुमचा हॉल आहे की राजवाडा? किती रंग लागतो त्याला?

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तिसरं घेतलं. सगळ्यात खालचा सूर तेवढा खाली नेतं. तू सांगितलंस तसं अगदी पहिलं लावलं. पहिल्यांदा जाड तार छेडली तेव्हा खिडकीची काच थरथरली. मान गये, बाई!

आणखी एक विचारायचंय. खालचा आवाज वेगळ्या तारेने बाहेर काढून दुसऱ्या, मोठ्या ॲम्पला दिला तर चालेल ना? माझी गिटार माझ्या ॲम्पमधून आणि खालचं सगळं बेसच्या ॲम्पमधून. की त्याने काही जळेल? आणि त्या खालच्या आवाजातली किणकिण कशी काढायची?

रंगाचं काम रखडलंय. कामगार पळालेत.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

नाही, काही जळणार नाही. जळायचं ते इथे जळलंय.

काल एका गिऱ्हाइकाचं पेडल आलं. डब्यात नियमाप्रमाणे तक्रारीचा कागद. मी त्यावर नंबर घातला, दोनशे चौदा, आणि वाचायला लागले. चार ओळी त्याच्या बिघाडाच्या, आणि खाली: "ताई, शनिवारी तुमच्या भावाचा कार्यक्रम बघितला. दोघंच होते, गिटार आणि ड्रम, पण बेस काय दणदणीत! पेडलमधून काढतात म्हणे. तुमचे मिस्टर आता वाजवत नाहीत का?"

तो माणूस माझं कौतुक करतोय, भावाचं कौतुक करतोय, आणि मी हातात पेचकस घेऊन दगडासारखी उभी.

कामगार पळाले काय रे? तोंड वर करून लिहिलंस? चौदा वर्षं तुझ्याबरोबर वाजवलं त्या माणसाने. दिवसभर छापखान्यात उभं राहायचं आणि तिथून थेट बस पकडायची. तुझ्या पहिल्या कार्यक्रमाला तुझ्याकडे ॲम्प नव्हता तेव्हा स्वतःच्या ॲम्पमध्ये तुझी गिटार घुसवली होती त्याने, आणि स्वतःचा बेस अर्ध्या आवाजात वाजवला होता. त्याला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचंस. भांडला असता, चार दिवस बोलला नसता, संपलं असतं. तू त्याला हॉलच्या रंगाची वाट बघत बसवलंस.

आणि निवड माझ्याकडून करून घेतलीस! कुठलं पेडल चांगलं, कसं लावू, किणकिण कशी काढू. माझ्याच नवऱ्याच्या जागी काय बसवायचं ते मी तुला दोन पानं भरून समजावलं, वर डिस्टॉर्शनच्या आधी लाव म्हणून बजावलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं मला.

तो कागद मी फायलीला लावलेला नाही. फायली तुझे भावोजी लावतात, महिन्यातून एका रविवारी, नंबर बघून. त्यांनी तो वाचला असता. वरच्या मजल्यावर ते आत्ता तुझंच ते वेगवान गाणं घोटतायत. मला इथपर्यंत ऐकू येतंय.

पुन्हा मला पत्र लिहू नकोस.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

लिहिणार. सोबत ते ऑक्टेव्ह पेडल पाठवतोय, म्हणजे ही तक्रार आहे, आणि तक्रार तुला वाचावीच लागते. तक्रार अशी: खालचा सूर मागून येतो. नंबर घाल आणि फायलीला लाव. की हीसुद्धा लपवणार?

मी खोटं बोललो. हॉलला रंग नव्हता, कामगार नव्हते. भित्रा आहे मी. झालं समाधान? आता माझं ऐक, कारण तू फक्त स्वतःच्या घरातून बघतेस.

आठ महिने झाले, भावोजी ठेक्याच्या मागे वाजवतात. थोडंसंच, पण प्रत्येक गाण्यात, प्रत्येक मात्रेला. आपला ड्रमवाला ठोक्या बिचारा ड्रम बडवून बडवून त्यांची वाट बघतो, मग गाणंच जड होत जातं. पावसाळ्यातल्या कार्यक्रमात तीन गाणी अशी पडली की लोक उठून पाणी प्यायला गेले. डिसेंबरात ठोक्याने काठ्या फेकल्या आणि मला म्हणाला, "तू सांगतोस की मी सोडू?" मी दोनदा आडून आडून विचारलं. भावोजी म्हणाले, "मी बरोब्बर ठेक्यावर आहे." आता ज्या माणसाने मला पहिली कॉर्ड धरायला शिकवली, त्याला मी काय सांगू? बहिणीचा नवरा! सांगून संध्याकाळी तुझ्या दारात कुठल्या तोंडाने येऊ?

आणि तू मला लपवाछपवी शिकवू नकोस. त्यांचा डावा कान गेलाय. मला कळत नाही असं वाटलं? डावीकडून हाक मारली की ते बघत नाहीत. छापखान्यात एकवीस वर्षं त्याच बाजूला यंत्र धडधडतंय. आणि पट्ट्याला अडकवलेली ती काळी डबी, जिची वायर उजव्या कानात जाते, ती बाजारात मिळत नाही. ती तुझ्या हातची आहे, तुझी जोडणी मी दहा डब्यांत ओळखीन. ती आली जूनमध्ये. मला तेव्हाच एक ओळ लिहिली असतीस, "यांना कमी ऐकू येतं, सांभाळून घे," तर मी ठोक्याला सांगितलं असतं, आम्ही जागा बदलल्या असत्या, काहीही केलं असतं. तू मूग गिळून बसलीस आणि वर मीच खोटारडा!

देवाची गंमत अशी की एवढं करून काही साधलंच नाही. ठोक्या आता या पेडलवर चिडलाय. परवा म्हणाला, "बेस तेवढाच उशिरा येतोय. तुझे भावोजी काय या डब्यात जाऊन बसलेत का?"

हस. तुला हसायला येत असेल.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

हसले नाही.

तुझं पत्र वाचून मी ते आधी भिंतीवर मारलं होतं, हे तुला कळायला हवं. दोन दिवस तुझं पेडल उघडलंसुद्धा नाही. मग "तेवढाच उशिरा" हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. ठोक्या बाकी कसाही असो, त्याचा ठेका घड्याळ आहे. तो तेवढाच म्हणाला तर तेवढाच असणार.

तुझं पेडल यंत्राला लावलं. एका बाजूने टिक आत सोडली, दुसऱ्या बाजूने किती वेळाने बाहेर येते ते बघितलं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अठ्ठावीस. ठीक. मग तुझे भावोजी छापखान्यात गेलेले असताना त्यांच्या पट्ट्यावरची डबी काढून आणली आणि तिच्यात तीच टिक सोडली.

एकतीस.

ती डबी मी का बनवली ते आता सांगते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान परत येणार नाही आणि उजवाही थोडा उतरलाय. तुझ्या भावोजींनी माझ्याकडून शब्द घेतला की तुला कळता कामा नये, कारण तू दया दाखवशील आणि दया म्हणून बँडमध्ये ठेवशील. म्हणून ड्रमला एक छोटा माइक, तो डबीत, डबी त्यातली गडबड गाळते, त्यांना न ऐकू येणारे आवाज उचलते आणि उजव्या कानात देते. गाळायला डिजिटल लागतं. डिजिटल आधी ऐकतं, मग हिशेब करतं, मग बोलतं. हे वाक्य मी तुला जानेवारीत केवढ्या ऐटीत लिहिलं होतं! तेव्हा तीच डबी माझ्या डोक्यावर सराव करत होती, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

त्यांचा स्वतःचा बेस त्यांना ॲम्पमधून अंगावर जाणवतो, लगेच. ड्रम मात्र डबीतून येतो, उशिरा. आणि ते त्या उशिरा आलेल्या ड्रमबरोबर तंतोतंत वाजवतात. "मी बरोब्बर ठेक्यावर आहे" म्हणाले ना? खरं होतं ते. मी त्यांच्या कानात जो ठेका घातला त्यावर ते बरोब्बर होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी मागे पडलेलं बघितलं नाही, आणि मी माझ्या हाताने, प्रेमाने, डाख लावून त्यांना मागे पाडलं.

मला माझा इतका राग आलाय की हाताला लागेल ते फोडावंसं वाटतंय. तुझाही आलेला आहे, तो गेलेला नाही, तू सुटलास असं समजू नकोस.

आता काय करायचं ते ऐक. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. आपली डबीच बेइमान निघाली हे कळलं तर ते खचतील. डबी मी आतून बदलते. गाळणी काढून टाकते, साधी जुनी जोडणी करते, आवाज थोडा खरखरेल पण वेळेवर येईल. पट्टा बदलला असं सांगीन. तू हॉलचा रंग पुरा झाल्याचं कळव. पेडल ठेव कपाटात. पुढच्या शनिवारी ते आले की काहीच झालं नाही असं वागायचं. जमेल ना? खोटं बोलण्यात तू आता तयार झालेला आहेस.

ताई


९ मार्च

ताई,

दोनदा वाचलं. आठ महिने मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

जमेल. मी कळवतो की रंग झाला, फिकट पिवळा दिलाय म्हणून सांगतो. आले की भिंती तशाच दिसतील, तेव्हा म्हणू की पहिलाच हात आहे. ठोक्यालाही पढवून ठेवतो. शनिवारी, पाच वाजता. मधल्या कार्यक्रमांचं त्यांना कुणी सांगितलं नाही ना? तो दोनशे चौदाचा कागद फाडून टाक.

मी अजून तुझ्यावर चिडलेलो आहे. पण ते नंतर.

धाकटा


१५ मार्च

धाकट्या,

हे पत्र तुझ्या ताईचं नाही, माझं आहे.

रविवारी फायली लावायला बसलो. दोनशे तेरा होता, दोनशे पंधरा होता, चौदा नव्हता. छापखान्यात एक पान कमी भरलं तर आम्ही अख्खा गठ्ठा उलगडतो. मी दुकान उलगडलं. चौदा नंबर तिच्या कामाच्या कोटाच्या खिशात सापडला आणि त्याच्याबरोबर तुझी पत्रं. बाकीचं तिच्या तोंडून काढलं. रडत होती. मी समजूत घातली नाही, कारण मलाही कुणाची समजूत घालायची इच्छा राहिली नव्हती.

पेडलबद्दल माझं काही म्हणणं नाही. गाणं अडत असेल तर पेडल घे, माणूस बदल, काहीही कर. ते गाण्याचं काम आहे. मी तुझ्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं.

पण तुम्ही दोघं जानेवारीपासून माझ्याबद्दल एकमेकांना लिहिताय. माझा कान, माझा ठेका, मला काय सांगायचं, मला काय सांगायचं नाही, मी खचेन की नाही. भिंतीच्या रंगाची छटासुद्धा ठरवलीत! एकालाही वाटलं नाही की यालाच विचारावं. ती खालच्या दुकानात बसून लिहायची तेव्हा मी बरोब्बर वरच्या खोलीत असायचो. जिन्याला बारा पायऱ्या आहेत.

कानाचं लपवायला मीच सांगितलं, ही माझी चूक. ती मी मान्य करतो आणि त्याबद्दल तुझ्याकडे माफी मागतो. बाकीच्याची जबाबदारी माझी नाही.

मंगळवारी सुट्टी टाकली, बेस खांद्याला अडकवला आणि बस धरून ठोक्याच्या गॅरेजवर गेलो. डबी नेली नाही. तुझ्या ताईने ती आतून बदलली असली तरी. त्याला म्हटलं, ड्रम मांड. मी स्टूल घेऊन ड्रमला चिकटून बसलो, उजवा कान त्याच्याकडे, पाय मोठ्या ड्रमला टेकवलेला. पहिली दोन गाणी नीट गेली. तिसऱ्यात, त्या वेगवान गाण्यात, मी खरंच मागे पडलो. डबी नसताना. वय झालं असेल, किंवा त्या उशिराची सवय हातात उतरली असेल, काय ते मला माहीत नाही.

ठोक्याने काठ्या थांबवल्या आणि म्हणाला, "भावोजी, मागे पडलात."

मी म्हटलं, "पुन्हा घे." पुन्हा घेतलं. चौथ्या वेळेला बसलं. मग त्याने हात पुसले आणि एका गाडीचं चाक काढायला गेला.

दोन शब्द लागले त्याला. तुम्हाला दोघांना मिळून आठ महिन्यांत ते जमलं नाही, आणि तुम्ही म्हणे माझी माणसं.

येत्या शनिवारी पाच वाजता मी हॉलवर येणार आहे. मागे पडलो तर सांग. रोज पडायला लागलो तर तेही सांग, मी बेस उचलून घरी येईन, पेडल लाव. पण आडून सांगू नकोस, ताईला लिहू नकोस, आणि या पत्राला उत्तरही पाठवू नकोस. जे काय असेल ते माझ्याशी बोल. मी समोरच असतो.

भावोजी